तातडी आणि सवड : कामकाजातील संवादाचा एक नैतिक प्रश्न

मराठीत 'सावकाश' हा शब्द आज 'हळूहळू' या एकाच अर्थाला चिकटून राहिला आहे. त्याच्या पोटातला 'अवकाश' वापरणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. वस्तुतः ज्याच्याभोवती मोकळी जागा आहे ते सावकाश. वेगाचा निर्देश त्यात मुळात नाही. 'तत्काळ' या शब्दाची घडण उलट आहे. त्यात 'तो' काळ आणि तेवढाच काळ आहे. ऐकणे आणि उत्तर देणे यांच्यामध्ये काही शिरू शकेल अशी फट तो ठेवत नाही. कामाच्या ठिकाणी माणसांचा जो परस्परव्यवहार चालतो त्याचे दोन प्रकार या दोन शब्दांनी बऱ्याच अंशी दाखवता येतात. पत्र, टिपणी, नोंदवही, चिठ्ठी यांतून चालणारा संवाद सवडीचा असतो : लिहिणाऱ्याचा काळ आणि वाचणाऱ्याचा काळ वेगळे असतात, आणि हे वेगळेपण दोघांनीही गृहीत धरलेले असते. भेट, बैठक, दूरध्वनी यांतला संवाद तातडीचा; त्यात दोघांना एकाच क्षणी एकमेकांसमोर उभे राहावे लागते.

या दोहोंचा तोल कसा साधावा याविषयी व्यवस्थापनशास्त्रात पुष्कळ लिहिले जाते, आणि २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करण्याची रीत रुळल्यापासून तर अधिकच. त्यातील उपदेश सामान्यतः उपयुक्ततेच्या पातळीवर राहतो : कोणत्या कामाला बैठक घ्यावी, कोणत्या कामाला पत्र पुरे, दिवसातले किती तास कोणी कोणाला हाक मारू नये. हा उपदेश चुकीचा नाही. अपुरा मात्र आहे. एखाद्याला वाट पाहायला लावणे आणि एखाद्याच्या काळात न विचारता शिरणे या दोन्ही क्रिया सत्तेच्या आहेत. त्या कोण करू शकतो, कोणावर करू शकतो आणि त्यांची किंमत कोण मोजतो, हे विचारल्यावाचून तोलाची भाषा पोकळ राहते. शिवाय हा प्रश्न संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत जन्माला आला, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. कडेगावसारख्या तालुक्यात, जेथे उसाची तोड, जमिनीचा फेरफार आणि अंगणवाडीचा अहवाल हीच मुख्यतः कामे आहेत, तेथे तो अधिक जुन्या आणि अधिक उघड्या रूपात भेटतो.

कडेगाव तालुका आज सांगली जिल्ह्यात मोडतो. तो पूर्वी खानापूर तालुक्याचा भाग होता, आणि १९४९ पूर्वी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात गणला जाई. बेचाळीसच्या आंदोलनानंतर नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच मुलखात प्रतिसरकार चालले. त्याच्याकडे शौर्यकथा म्हणून पाहण्याची सवय इतकी दृढ आहे की ते एक कामकाजाचे ठिकाणही होते, ही साधी गोष्ट दृष्टीआड होते. न्यायदान मंडळे, तुफान सेना, भूमिगतांची राहण्या-जेवण्याची व्यवस्था हे सारे चालवायचे म्हणजे रोज निर्णय घ्यावे लागत आणि ते दुसऱ्या गावी पोचवावे लागत. तारा तोडणे हा बेचाळीसच्या आंदोलनात ठिकठिकाणी कार्यक्रमाचाच भाग होता. परकीय सरकारचे बळ ज्या तत्काळ संवादावर उभे होते तोच आधी खंडित करायचा, हे त्यामागचे गणित. मात्र तार तोडणाऱ्यालाही स्वतःचा निरोप पाठवावाच लागतो. तार सरकारची, टपाल सरकारचे, आणि लिहिलेला कागद पोलिसांच्या हाती पडला तर तोच पुरावा. मग उरतो माणूस. कडेगाव तालुक्यातील रामापूरचे गणपती बाळा यादव हे तुफान सेनेचे असे निरोपे होते. भूमिगतांना ते निरोप पोचवीत आणि जेवणही पोचवीत. वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षीही सायकल चालवणाऱ्या या गृहस्थांविषयी पी. साईनाथ यांनी लिहिले आहे, आणि 'द लास्ट हीरोज' या त्यांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातही ते आहेत.

निरोप आणि भाकरी एकाच हातातून जाणे ही गोष्ट संवादाच्या उपपत्तीच्या दृष्टीने किरकोळ नाही. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसचा लेखनाविरुद्धचा मुख्य आक्षेप असा, की लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो : समोर जिवंत उभा आहे असे वाटते, पण काही विचारले तर गप्प राहतो, आणि बाप जवळ नसल्यामुळे त्याची कोणी विटंबना केली तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. देरिदाने १९६८ मध्ये याच संवादाचे वाचन करताना बोलण्याला अस्सल आणि लिहिण्याला दुय्यम मानणारी ही उतरंड उलगडून दाखवली, आणि मराठी समीक्षेत गेली काही दशके या वादाचे पडसाद उमटत आले आहेत. निरोप्या या द्वंद्वात कोठे बसतो, हा प्रश्न मात्र सहसा विचारला गेला नाही. तो पत्र आहे, कारण पाठवणारा दूर आहे आणि मधे चालण्याएवढा काळ गेला आहे. तो पत्र नाहीही, कारण त्याला विचारता येते : सांगताना कोण कोण होते, आवाज कसा होता, नाही म्हटले तर चालेल का? तो सवडीचा निरोप तातडीच्या भेटीत उलगडतो. जुन्या मराठी पत्रव्यवहारातही नाजूक मजकूर कागदावर न घालता पत्र नेणाऱ्याच्या तोंडी सांगून पाठवण्याची रीत होती. कागद ओळख पटवी आणि माणूस अर्थ सांगे. 'निरोप' हाच शब्द मराठीत संदेशालाही आहे आणि ताटातुटीलाही आहे, हे जाता जाता नोंदवावे.

प्रतिसरकारच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. लेखन बांधून ठेवते, पण कोणाला बांधून ठेवते हे सत्ता कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते. भूमिगताला कागद धोक्याचा, कारण कागद त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. तेच कार्यकर्ते उद्या सरकारात बसले की कागद जनतेच्या बाजूने साक्ष देऊ लागतो आणि धोका बोलण्यात उतरतो. स्वातंत्र्योत्तर प्रशासनाचा अनुभव याला दुजोरा देतो. माक्स वेबरने आधुनिक नोकरशाहीचा पाया लेखी दस्तऐवजात पाहिला. आणि याच नोकरशाहीत त्या पायातून निसटण्याची एक वाट फायलीवरच लिहिलेली असते. कनिष्ठाने नियम, पूर्वपीठिका आणि आपले मत मांडून टिपणी वर पाठवावी, आणि वरून ती 'चर्चा करावी' एवढ्या शेऱ्यानिशी परत यावी, हा अनुभव सरकारी कार्यालयात काम केलेल्या कोणालाही परका नाही. चर्चा होते. चर्चेनंतर टिपणी बदलते. नवी टिपणी पुन्हा कनिष्ठाच्याच सहीने वर जाते, आणि चर्चेत काय झाले याचा पत्ता कागदावर राहत नाही. येथे तातडीच्या संवादाने सवडीच्या संवादाची जागा घेतली आहे, पण कामाला गती आलेली नाही. फक्त जबाबदारी खालच्या पायरीवर सरकली आहे.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी द्यावाच लागला तर नंतर त्याची लेखी पुष्टी व्हावी, असे अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे वर्तणूक नियम सांगतात. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांचा रोखही तोच आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी तोंडी सूचनांवर काम करण्याची प्रथा माहिती अधिकाराच्या मुळावर येते असे नमूद केले आणि अशा सूचना नोंदवून ठेवण्यावर भर दिला. या साऱ्याचा अर्थ इतकाच, की बोलणे अधिक माणुसकीचे आणि लिहिणे कोरडे, ही साहित्यिकांची आवडती समजूत कनिष्ठाच्या टेबलावर टिकत नाही. त्याच्या लेखी कोरडा कागद हाच त्याच्या बाजूने उभा राहणारा एकमेव सोबती असतो.

तरीही कागदाची भलावण करताना हात आखडता घ्यावा लागतो. फाईल 'पडून राहणे' हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. महाराष्ट्राला बदल्यांच्या विनियमनाबरोबरच विलंबाला प्रतिबंध करणारा अधिनियम २००५ साली करावा लागला आणि कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये असे त्यात लिहावे लागले. सवड ज्याच्या हाती असते त्याच्या ती सोयीची असते. ज्याचा सातबारा अडला आहे त्याला ती सवड भासत नाही. तालुक्याच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस आणि आत फाईल बाजूला ठेवणारा माणूस यांच्यामध्ये जो काळ जातो तो एकाच घड्याळातला असला तरी एकाच मोलाचा नसतो.

उसाच्या तोडीचा व्यवहार या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही संवाद एकमेकांना भिडतात. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात लागण झाली की कारखान्याच्या शेतकी विभागाकडे तिची नोंद करायची. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा प्रकार आणि लागणीची तारीख नोंदवहीत चढते. हंगाम सुरू झाल्यावर त्या क्रमाने तोड मिळावी हे तत्त्व. नोंदवही ही सवडीच्या संवादाची आदर्श प्रतिमा म्हणता येईल. शेतकऱ्याने एकदा तारीख सांगितली, ती लिहिली गेली; त्यानंतर वर्षभर त्याला कोणाच्या दारात उभे राहून आपण आहोत हे सिद्ध करावे लागू नये. अबोल माणसाची, विधवेची, नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्याची जागा रांगेत कागदाने धरून ठेवलेली असते.

पण ऊस कागद नव्हे. तोडलेला ऊस गाळपाला जायला उशीर झाला की वजन घटते, साखर उतरते. पावसाने रान ओले झाले की वाहन आत जात नाही. टोळी एका शिवारात आली असताना शेजारचा फड सोडून दहा किलोमीटरवरच्या पहिल्या नंबरकडे जाणे हा शुद्ध मूर्खपणा ठरतो. म्हणून चिटबॉय, मुकादम, वाहनवाला आणि कारखाना यांच्यात दिवसभर फोन चालतो, आणि तो चाललाच पाहिजे. येथे तातडी वस्तूच्या स्वभावातून आलेली आहे. प्रश्न उद्भवतो तो याच फोनवरून दुसरा एक आवाज येऊ लागतो तेव्हा : आमचा फड आधी घ्या. हा आवाजही तातडीचीच भाषा बोलतो. तुरा आला आहे, वजन चालले आहे, खोडव्याला पाणी द्यायचे आहे. त्यातले काही खरेही असते. मात्र तुरा नोंदवहीतल्या पुढच्या माणसाच्या उसालाही आलेला असतो; फरक एवढाच, की त्याच्याकडे उचलला जाईल असा फोन नसतो. येथे कोणत्या एका कारखान्याचा प्रश्न नाही. जेथे जेथे रांग आणि हाक यांची गाठ पडते तेथे हे घडू शकते. तातडी वस्तूची आहे की व्यक्तीची, हे ऐकणाऱ्याला ओळखता यावे लागते, आणि ते ओळखण्यासाठी त्याला क्षणभर थांबता यावे लागते. फोनवर नेमके तेच करता येत नाही.

गैरहजर माणसाची बाजू सवडीचाच संवाद राखतो, याचे आणखी ठळक उदाहरण जमिनीच्या कागदांत आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागातली कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत. घर एका राज्यात, जमीन दुसऱ्या. भावाभावांतली वाटणी, खरेदी, वारसनोंद, काहीही झाले तरी १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार फेरफाराची नोटीस चावडीत लागते, संबंधितांना कळवले जाते आणि हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते. ज्याला लोक आजही तलाठीच म्हणतात त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हे पंधरा दिवस खोळंबा असतील. दूरच्या शहरात मुशीसमोर बसलेल्या सहहिस्सेदाराच्या दृष्टीने तो त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा आहे. सारे काही एका बैठकीत, समोरासमोर, 'आत्ताच मिटवून टाकू' अशा आपुलकीने झाले असते तर त्यात त्याचा आवाज कोठे होता? ग्रामीण जीवनाच्या वर्णनांत बैठकीचा गौरव पुष्कळ होतो, आणि बैठकीला कोण नव्हते याची नोंद क्वचितच होते.

येथपर्यंतच्या उदाहरणांतली तातडी महाग होती, हे विसरता कामा नये. तार शब्दागणिक पैसे घेई. म्हणून ती मोजक्या शब्दांत लिहिली जाई, आणि म्हणूनच मराठी घरात 'तार आली' एवढे ऐकताच काळजाचे पाणी होई. निरोप्याला पाठवायचे म्हणजे एक माणूस दिवसभर कामाबाहेर जाई आणि भूमिगतांच्या बाबतीत त्याचा जीवही धोक्यात येई. दुसऱ्याच्या काळात शिरण्याची किंमत शिरणाऱ्याला द्यावी लागे, आणि ती द्यायची की नाही हा विचार पाठवण्यापूर्वीच होई. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर तातडी जवळजवळ फुकट झाली होती. फुकट झाली ती पाठवणाऱ्यापुरती. किंमत नाहीशी झालेली नाही, ती घेणाऱ्याच्या अंगावर आली आहे.

अंगणवाडी सेविकांच्या कामात हे जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसत असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सामुदायिकरीत्या परत केले. फोन निकृष्ट होते, त्यांत आवश्यक ते ॲप नीट चालत नव्हते, आणि 'पोषण ट्रॅकर'मध्ये माहिती भरायची भाषा इंग्रजी होती. या घटनेचा अर्थ साधनांच्या दर्जाविषयीची तक्रार एवढाच लावला गेला तर तो अर्धा राहील. रजिस्टरात सेविका मुलांची वजने आपल्या भाषेत, आपल्या हाताने, मुले घरी गेल्यावर लिहीत असे. पर्यवेक्षिका ठरल्या दिवशी येऊन ते पाहत असे. लिहिणे आणि पाहणे यांच्या मधल्या काळात मुलांना शिकवणे, भरवणे, गरोदर बाईच्या घरी जाणे हे तिचे खरे काम होत असे. फोन हाती आल्यावर हा मधला काळ पाहणाऱ्याच्या ताब्यात गेला. मानधनावर राबणाऱ्या, पूर्ण वेतनाच्या नोकर म्हणून न गणल्या गेलेल्या बायकांकडून पूर्ण वेळ हजर असण्याची अपेक्षा निर्माण झाली. म्हणून परत केला गेला तो नुसता फोन होता असे म्हणवत नाही.

येथे एका फसव्या रूपाची दखल घ्यायला हवी. व्हॉट्सॲपच्या समूहावर येणारा मजकूर लिहिलेला असतो, म्हणून तो सवडीचा संवाद वाटतो. त्याची मागणी मात्र बोलण्याची असते : वाचल्याची निळी खूण उमटली की गप्प राहणे हाच अपराध होतो. बरे, बोलण्यात जी मुभा असते ती येथे नाही. समोरच्याचा चेहरा पाहून थांबता येत नाही, शंका विचारली तर ती शेकडो जणांदेखत विचारावी लागते. आणि लेखनात जे संरक्षण असते तेही नाही, कारण हा आदेश आवक-जावक नोंदवहीत चढत नाही, त्याला क्रमांक नाही, आणि लिहिणाऱ्याने पुसून टाकला की तो नव्हताच. दोन्ही संवादांतले वरिष्ठाच्या सोयीचे तेवढे उचलून हा तिसरा प्रकार घडला आहे. निरोप्याशी त्याची तुलना केली तर अंतर लक्षात येते : निरोप्यातही पत्र आणि भेट यांचे मिश्रण होते, पण त्यातला लाभ निरोप ऐकणाऱ्याच्या पदरी पडे.

म्हणून समक्षतेचे मोल नाकारायचे असे मात्र नाही. कडेगावच्या मोहरमात उंच ताबुतांच्या भेटी होतात. त्यांतल्या काही ताबुतांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. बांबूची बांधणी दिवसचे दिवस, ज्याच्या त्याच्या सवडीने चाललेली असते. भेट मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या चौकात, साऱ्या गावादेखतच व्हावी लागते. ती कळवता येत नाही. कामकाजातही अशा गोष्टी आहेत. कामावरून कमी करायचे आहे, चूक दाखवायची आहे, मागितलेली रजा नाकारायची आहे, तेव्हा कागद पुढे करून मागे लपणे हा भित्रेपणाच ठरतो. जेथे सांगणाऱ्याला समोरच्याचे दुःख पाहावे लागेल अशी शक्यता आहे तेथे भेट टाळणे सोपे असते आणि म्हणूनच ती टाळू नये. दैनंदिन व्यवहार नेमका उलटा चालतो. सुखाचे आणि सत्तेचे ते समक्ष, अवघड ते कागदावर. उद्घाटनाला सारे हजर, बडतर्फीची नोटीस टपालाने.

यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली याच तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी झाला. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री अशा पदांवरच्या माणसाचा दिवस इतरांच्या तातडीनेच भरलेला असणार. परदेश दौऱ्यांत वेणूताईंना त्यांनी लिहिलेली पत्रे 'विदेश दर्शन' या नावाने पुढे प्रसिद्ध झाली. ज्याच्या हाती कोणत्याही क्षणी कोणालाही बोलावण्याची सत्ता होती त्याने दिवसाअखेरीस उत्तराची घाई नसलेला मजकूर लिहीत बसावे, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला चरित्राहून अधिक काही सांगू शकते. अर्थात ज्याच्याकडे ही सवड असते त्याला ती काढता येते. प्रश्न ज्याच्याकडे नसते त्याचा आहे.

रात्री दहा वाजता समूहावर आदेश येतो : उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती सादर करावी, अन्यथा कारवाई. खाली एकामागून एक अंगठे उमटू लागतात. वर्तणूक नियम आणि न्यायालयाचा निकाल दोन्ही वाचणाऱ्याच्या बाजूचे आहेत. 'आदेशाची लेखी प्रत मिळावी' ही एक ओळ लिहिण्याचा अधिकार त्याला आहे. त्या समूहात गावोगावचे शेकडो कर्मचारी आहेत, सगळ्यांना तो अधिकार आहे, आणि ती ओळ पहिल्यांदा कोणी लिहायची याची वाट प्रत्येक जण पाहत आहे.